उभ्याउभ्या वाचायचं संशोधन

परिषदेतल्या भाषणात बोलणारा एक असतो आणि ऐकणारे दोनशे. शोधनिबंध लिहिणारा आणि तो वाचणारा यांची तर बहुधा कधी गाठच पडत नाही. संशोधन मांडण्याच्या प्रकारांत पोस्टर हा एकच असा, की ज्यात काम केलेला माणूस आणि ते समजून घेऊ पाहणारा माणूस हातभर अंतरावर उभे असतात, बोट ठेवायला मध्ये एक आलेख असतो आणि ‘हे असं का केलंत?’ हा प्रश्न तिथल्या तिथे विचारता येतो. तरुण संशोधकाला याहून चांगली संधी क्वचितच मिळते. तरी आपल्याकडे पोस्टरला दुय्यम मानायची रीत पडली आहे. ‘भाषणाला निवड झाली नाही, पोस्टर मिळालं,’ असं विद्यार्थी खालच्या आवाजात सांगतात. मग आदल्या रात्री निबंधातले परिच्छेद उचलून मोठ्या कागदावर बसवले जातात, विद्यापीठाचं बोधचिन्ह वर डावीकडे, मार्गदर्शकांचं नाव उजवीकडे, आणि सकाळी तो कागद टांगला जातो. लोक समोरून जातात, थांबत नाहीत. काम वाईट असतं म्हणून नव्हे. थांबावं असं त्या कागदावर काही सापडत नाही म्हणून.

हे पुस्तक त्या कागदाविषयी आहे. मराठीत या विषयावर सलग लिहिलेलं फारसं काही नाही. म्हणून पुस्तकात शिरण्याआधी या क्षेत्राची पार्श्वभूमी वाचकाला सांगावी, असं लेखिकेने मला सुचवलं. विद्यार्थ्यांची पोस्टरं बघण्यात आणि त्यांच्यापाशी थांबून बोलण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे. त्या अनुभवातून माझं एक मत घट्ट झालंय, ते आधीच सांगतो : पोस्टर संवाद सुरू करण्यासाठी असतं, आणि त्याची मांडणी म्हणजे त्या संवादाची पूर्वतयारी. रंग, अक्षर, रकाने, कागद यांबद्दलचे सगळे निर्णय यातून निघतात.

पोस्टर-सत्र ही तशी अलीकडची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रयोगशाळा वाढल्या, संशोधक वाढले, आणि परिषदांकडे येणारे निबंध सभागृहांच्या वेळापत्रकात मावेनासे झाले. जीवरसायनशास्त्रात ही कोंडी लवकर जाणवली. दहा-दहा मिनिटांची भाषणं एकाच वेळी अनेक दालनांत चालत आणि ज्याला जे ऐकायचं असे ते नेमकं दुसऱ्या दालनात असे. त्यावर उपाय म्हणून निबंध भिंतीवर लावायची कल्पना साठच्या दशकाच्या अखेरीस युरोपात रुजली. जीवरसायन संस्थांच्या युरोपीय महासंघाची 1969 ची माद्रिद परिषद ही अशा पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय सत्रांपैकी एक मानली जाते. अमेरिकेत 1974 मध्ये मिनीआपोलिसच्या परिषदेत ही पद्धत आली आणि पुढे वैद्यक, मानसशास्त्र, अभियांत्रिकी असं करत सगळीकडे रुळली.

सोय म्हणून सुरू झालेल्या या प्रकाराचे गुण मागाहून कळले. जे काम अजून पुरतं पिकलेलं नाही, ज्यावर कुणाचं तरी मत हवं आहे, त्याला भाषणापेक्षा पोस्टर मानवतं. मुख्य मंचाबाहेरची जागा कमी प्रतीची असते, हा समज किती चुकीचा ठरू शकतो याचा एक दाखला संगणकविज्ञानात आहे. डिसेंबर 1991 मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला हायपरटेक्स्टवरची परिषद भरली होती. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबवर पाठवलेला निबंध तिथे स्वीकारला गेला नाही. फक्त प्रात्यक्षिक मांडायला परवानगी मिळाली. त्यामुळे वेबशी तिथल्या जाणकारांची पहिली ओळख झाली ती खुर्चीत बसून भाषण ऐकताना नव्हे, तर टेबलाशी उभं राहून.

सुरुवातीची पोस्टरं आज आपण पाहतो तशी एकसंध नव्हती. टंकलेखन यंत्रावर लिहिलेले कागद, अंधाऱ्या खोलीत धुतलेले फोटो, घासून उमटवायच्या अक्षरांची शीर्षकं असा संच संशोधक पिशवीतून आणत आणि टाचण्यांनी फळ्यावर लावत. नव्वदच्या दशकात रुंद कागदावर छापणारी इंकजेट यंत्रं आली, पॉवरपॉइंट घरोघरी पोचलं, आणि पोस्टर म्हणजे एक अखंड कागद झाला. याने देखणेपण वाढलं, पण एक अडथळा नकळत दूर झाला. पूर्वी फळ्यावर ठरावीक कागदच मावत, त्यामुळे काय गाळायचं हे ठरवावंच लागे. आता मजकूर जास्त झाला की अक्षराचा आकार दोन अंकांनी कमी केला की झालं. आजच्या पोस्टरांवरची दाटी मला तरी याच सोयीची देणगी वाटते.

भिंतीवर संशोधन मांडायची धडपड मात्र पोस्टर-सत्राहून जुनी आहे, आणि तिचे दोन टप्पे नवख्या वाचकाने ओळखून ठेवावेत असे आहेत. पहिला 1900 सालचा. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि अटलांटा विद्यापीठातले त्यांचे विद्यार्थी यांनी हाताने रंगवलेले साठेक तक्ते तयार केले. गुलामगिरी संपल्यानंतरच्या पस्तीस वर्षांत कृष्णवर्णीय अमेरिकनांनी किती जमीन मिळवली, किती जण साक्षर झाले, कोणते व्यवसाय करू लागले, हे त्या तक्त्यांत होतं. गडद लाल, पिवळे, हिरवे रंग, कमीत कमी शब्द. काही तक्त्यांत तर रेषा इतकी लांब, की कागदात मावावी म्हणून तिला गुंडाळत नेलेली. त्या गुंडाळीतूनच आकड्याचा आवाका डोळ्यांत भरतो. आपल्या माणसांविषयीचे गैरसमज खोडायचे, तेही परक्या देशातल्या फिरत्या गर्दीसमोर, हे त्यांचं काम होतं. शोधनिबंध तिथे कुणी वाचला नसता. ते तक्ते आज पाहतानाही पाय थबकतो.

दुसरा टप्पा व्हिएन्नाचा. ऑटो नॉयराट यांनी 1925 मध्ये तिथे समाज आणि अर्थव्यवस्थेचं संग्रहालय उभं केलं, आणि कामगारांना आकडेवारी कळावी म्हणून चित्रचिन्हांची भाषा घडवली. पुढे ती आयसोटाइप म्हणून ओळखली गेली. जास्त संख्या दाखवायची तर चिन्ह मोठं करायचं नाही, तेच चिन्ह पुन्हा मांडायचं, हा त्यांचा नियम. याहून मोलाची वाटते ती त्यांच्या कामाची पद्धत. अभ्यासक आकडे देई, चित्रकार रेखाटन करी, आणि दोघांच्या मधे तिसरा माणूस असे : आकड्यांतून नेमकं काय सांगायचं आणि ते कोणत्या रूपात, हे ठरवणारा. मारी रायडेमायस्टर हे काम करत. पुढे त्या मारी नॉयराट म्हणून ओळखल्या गेल्या. आपल्या विद्यापीठांत हा मधला माणूस नसतो. तो विद्यार्थ्याला स्वतःच व्हावं लागतं, आणि हे पुस्तक मुख्यतः त्याच भूमिकेसाठी लिहिलेलं आहे.

आलेखांच्या शास्त्रावर त्यानंतर पुष्कळ काम झालं. झाक बेर्तें यांचा 1967 चा फ्रेंच ग्रंथ आणि एडवर्ड टफ्टी यांचं 1983 चं पुस्तक ही दोन नावं वाचकाला वारंवार भेटतील. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 मध्ये प्रयोगांनी दाखवलं, की एकाच मोजपट्टीवरच्या बिंदूंची तुलना माणसाचा डोळा अचूक करतो. कोन आणि क्षेत्रफळ यांत मात्र तो चुकतो. पोस्टरवर बिंदूंचा किंवा साध्या स्तंभांचा आलेख चालतो आणि वर्तुळाचे सात रंगीत तुकडे चालत नाहीत, याचं कारण आवडीनिवडीत नसून डोळ्याच्या या घडणीत आहे.

पोस्टर कसं असावं याबद्दल आज ढोबळमानाने तीन विचारप्रवाह दिसतात. पहिला, आणि आपल्याकडे सर्रास चालणारा, शोधनिबंधाच्या साच्याचा : प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा, असे रकाने डावीकडून उजवीकडे. याचा फायदा असा की त्या विषयातल्या माणसाला हवं ते कुठे आहे हे न शोधता सापडतं. तोटा असा की मुख्य गोष्ट उजव्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे बघणाऱ्याच्या गुडघ्याशी जाऊन बसते.

दुसरा प्रवाह मायकेल अ‍ॅली यांच्यासारख्या अभियांत्रिकी लेखनाच्या शिक्षकांचा. शीर्षकाच्या जागी ‘निष्कर्ष’ किंवा ‘तपमानाचा परिणाम’ असं लिहायचं नाही, पूर्ण विधान करायचं, आणि त्या विधानाखाली त्याचा दृश्य पुरावा द्यायचा, हा त्यांचा आग्रह. मुळात तो भाषणाबरोबर दाखवायच्या स्लाइडांसाठी होता; पोस्टरला तो तितकाच लागू पडतो. मला विचाराल तर या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी सूचना हीच.

तिसरा प्रवाह 2019 मध्ये गाजला. मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी एका व्हिडिओतून नवा साचा सुचवला : मधोमध मोठी मोकळी जागा, तीत सोप्या भाषेत एकच निष्कर्ष ठळक अक्षरांत, खाली क्यूआर कोड, डावीकडच्या अरुंद पट्टीत कामाचा सारांश, उजवीकडच्या पट्टीत तज्ज्ञांच्या प्रश्नांसाठी तपशील. जगभरच्या परिषदांत तो साचा बघता बघता पसरला. त्यावर टीकाही झाली, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. मधली जागा आलेखाला न देता शब्दांना दिली जाते. शिवाय एका वाक्यात सांगायच्या भरात ‘या नमुन्यात असं दिसलं’ याचं ‘असंच असतं’ होऊन बसतं. मॉरिसन यांचं निदान पूर्ण बरोबर आहे असं मला वाटतं. चालता माणूस काही सेकंदांत ठरवतो, हे नाकारता येत नाही. उपाय मात्र अर्धाच पटतो. वाक्य हवंच, पण त्याच्या शेजारी त्याचा पुरावा त्याच तोलाचा हवा.

हे नुसतं सांगून उमजत नाही, म्हणून समजुतीपुरतं एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीने दुष्काळी तालुक्यातल्या चाळीस विहिरींचं पाणी वर्षभर तपासलं. पोस्टरचं शीर्षक सवयीने असं होईल : ‘ग्रामीण भागातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटच्या प्रमाणाचा ऋतुनिहाय तुलनात्मक अभ्यास’. खाली चाळीस ओळींचा तक्ता, दशांशाच्या दोन घरांपर्यंत. तिला विचारावं, ‘तुला काय सापडलं?’ ती चटकन म्हणेल, ‘पावसाळ्यानंतर बऱ्याच विहिरी मर्यादेबाहेर जातात, आणि त्या शेताला लागून आहेत.’ शीर्षक हेच. आता तक्ता काढून टाकायचा आणि दर महिन्याला प्रत्येक विहिरीचा एक ठिपका मांडायचा : आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर नायट्रेट. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, तिथे एक आडवी रेघ ओढायची. शेतालगतच्या विहिरींचे ठिपके भरीव, बाकीचे पोकळ. रेघेच्या वर गेलेले भरीव ठिपके तीन-चार पावलांवरूनही दिसतील. सूची वाचायला लागू नये म्हणून ‘शेतालगत’ हा शब्द ठिपक्यांच्या शेजारीच लिहायचा. नमुने कसे घेतले, कोणत्या उपकरणाने मोजले, हे खाली बारीक अक्षरांत असू द्यावं, कारण ज्याला ते हवं आहे तो जवळ येतोच. चाळीस विहिरींचा मूळ तक्ता क्यूआर कोडमागे. आणि ‘या चाळीस विहिरींत’ हे शब्द शीर्षकात जोडायला विसरायचं नाही. एवढ्याने दाव्याची मर्यादा सांभाळली जाते.

भरीव आणि पोकळ ठिपके घेतले, लाल आणि हिरवे घेतले नाहीत, यालाही कारण आहे. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, कोणत्याही सभागृहात असतातच. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी अशा लोकांनाही वेगळे ओळखू येतील असे रंग निवडून दिले आहेत आणि ते कुणालाही वापरता येतात. त्याहून सोपं म्हणजे नुसत्या रंगावर अर्थ टाकूच नये, आकाराचाही आधार द्यावा.

मराठीतून पोस्टर करायचं तर काही प्रश्न वेगळे उभे राहतात, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांची उत्तरं मिळत नाहीत. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. त्यामुळे रोमन लिपीला पुरणारं दोन ओळींतलं अंतर इथे अपुरं पडतं, आणि त्याच अंकाचं अक्षर अनेक फॉन्टांत लहान दिसतं. इंग्रजीत 24 पॉइंट म्हटलं असेल तिथे आपण 28 धरावं. अक्षरांमधलं अंतर वाढवायला गेलं तर काही सॉफ्टवेअरांत शिरोरेषा तुटते. तिरपा ठसा देवनागरीचा स्वभाव नाही, भर द्यायचा तर जाडीने द्यावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलेली फाइल छापखान्यातल्या संगणकावर उघडली की ‘श्री’चं काय होईल सांगता येत नाही, म्हणून फॉन्ट आत घेतलेली पीडीएफच द्यावी. आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, हेही बघून घ्यावं. मंगल हा फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी यांनी जे. जे. कलाशाळेत आणि पुढे पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांना अक्षराकडे पाहायची दृष्टी दिली. आज एक टाइपसारख्या मुंबईतल्या संस्थांचे मुक्त, बलू असे फॉन्ट विनामूल्य मिळतात. साधनांची उणीव आता राहिलेली नाही.

मराठीचा हा मुद्दा सजावटीचा नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांच्या शेतांवर वाणाचं नाव, पेरणीची तारीख, खताची मात्रा लिहिलेल्या पाट्या असतात. शेतकरी पाटी वाचतो, मागचं पीक बघतो आणि शेजारी उभ्या शास्त्रज्ञाला विचारतो. पोस्टर-सत्राकडून आपण जी अपेक्षा करतो ती सगळी इथे पुरी होते : थोडका मजकूर, डोळ्यांसमोर पुरावा, बोलायला माणूस. आपल्या भाषेत हे घडत आलेलं असताना विहिरींच्या पाण्यावरचं संशोधन त्या गावाला वाचता येणार नाही अशा इंग्रजीत मांडावं, आणि मांडणाऱ्या मुलीलाही त्या इंग्रजीत प्रश्न झेलता येऊ नयेत, हे मला मनापासून खटकतं. आंतरराष्ट्रीय परिषदेला इंग्रजी पोस्टर जाईलच. पण त्याच कामाचं मराठी पोस्टर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागायला काय हरकत आहे?

हा विषय आत्ताच निकडीचा का, याची कारणं आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं ‘आविष्कार’ संमेलन दरवर्षी भरतं. मानव्यविद्या, वाणिज्य व विधी, मूलभूत विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक अशा सहा गटांत पदवीच्या विद्यार्थ्यांपासून शिक्षकांपर्यंत सगळे आपलं काम मांडतात, आणि महाविद्यालयाच्या पातळीवर बहुतेकांची सुरुवात पोस्टरनेच होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला जागा दिली, त्यामुळे आजवर संशोधनाच्या वाटेला न गेलेली मुलंही आता पोस्टर करतील. त्यांच्या शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतः ते कधी केलेलं नसेल. दुसरीकडे, चार ओळींची सूचना दिली की गुळगुळीत चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं प्रत्येकाच्या हाती आहेत. त्यांनी काढलेली पेशीची किंवा उपकरणाची आकृती दिसायला निर्दोष आणि आतून चुकीची असू शकते. अशा वेळी समोर उभ्या माणसाला ‘ही रेघ इथे का?’ असं विचारता येणं, हीच कामाच्या खरेपणाची चांगली पारख ठरते. म्हणून पोस्टर-सत्राचं मोल येत्या काळात वाढेल, असं मला वाटतं.

या पुस्तकाची रचना या सगळ्याला धरून आहे. आधी मजकूर, मग आलेख, मग मांडणी, शेवटी छपाई, हा क्रम लेखिकेने जाणीवपूर्वक ठेवला आहे; संगणक उघडायची वेळ पुस्तकाच्या मध्यानंतर येते. विज्ञानाइतकीच जागा इतिहास, भाषा, समाजशास्त्र यांना मिळाली आहे, याचं मला विशेष समाधान आहे. ज्या संशोधनात आलेखच नसतो, त्याचं पोस्टर कसं करायचं हा अवघड प्रश्न आहे. दफ्तरातल्या एका पत्राचा फोटो, मुलाखतीतलं एखादं वाक्य, ओव्या गोळा केल्या त्या गावांचा नकाशा, यांना पुरावा म्हणून मध्यभागी कसं आणता येईल याची चर्चा मी मराठीत प्रथमच वाचली. पोस्टरसमोर उभं राहून काय बोलायचं, किती वेळ गप्प राहायचं, समोरच्याला आधी त्याच्या कामाबद्दल का विचारायचं, हेही इथे आहे. तयार साचे मात्र दिलेले नाहीत. साचा मिळाला की माणूस त्याचे कप्पे भरत सुटतो, हे लेखिकेचं म्हणणं मला मान्य आहे.

छपाईच्या प्रकरणात कागद, फ्लेक्स आणि कापड यांची तुलना आहे. चौकाचौकांतल्या फलकांमुळे फ्लेक्सची छपाई आपल्याकडे तालुक्याच्या गावीही स्वस्तात होते, पण त्याच्या चकाकीत सभागृहाचे दिवे उमटतात आणि गुंडाळीची मोड लवकर जात नाही. जमेल तिथे मॅट कागद घ्यावा. पडद्यावरचा झगझगीत निळा छापताना मंदावतो, तेव्हा एक लहान तुकडा आधी छापून पाहावा. त्याच प्रकरणातली एक चाचणी मी माझ्या विद्यार्थ्यांना आता सक्तीची केली आहे. ए-0 कागद 841 बाय 1189 मिलिमीटरचा, म्हणजे लांबी-रुंदीत ए-4च्या चौपट. पोस्टरची फाइल ए-4वर छापली की 24 पॉइंटचं अक्षर 6 पॉइंटचं होतं. तो कागद हातात धरून विषयाबाहेरच्या कुणालाही द्यावा, अर्ध्या मिनिटाने परत घ्यावा आणि काय समजलं ते विचारावं. उत्तर शीर्षकाशी जुळलं तर फाइल छापखान्यात पाठवावी. नाही जुळलं, तर पुस्तकाचं दुसरं प्रकरण पुन्हा उघडावं.